एक चाळीसची बोहनी

रविवारी दुपारी चार वाजून एकतीस मिनिटांनी हेमलताबाई शिंत्र्यांनी तव्यावर थालीपीठ टाकलं, आणि त्याच्या मधल्या भोकात सोडायचं तेल त्यांच्या हातून शेगडीवर सांडलं. चेन्नईजवळच्या तांबरममधल्या त्यांच्या सव्वीस वर्षांत हे कुणी पाहिलेलं नव्हतं. चक्रीवादळात आमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी उडून शेजारच्या अंगणात जाऊन बसली, तेव्हाही या बाई मेणबत्तीच्या उजेडात भज्यांचं पीठ कालवत होत्या. "टाकी काय, येईल परत. पीठ पातळ झालं तर गेलं," असं त्यांचं तत्त्वज्ञान.

पण आज गाळ्याचा प्रश्न होता. सोसायटीच्या फाटकाबाहेर समितीनं एक गाळा बांधला होता आणि तो वर्षभरासाठी कुणाला द्यायचा, हे ठरवायची समितीची रीत एकदम आधुनिक होती. उमेदवारानं रविवारचा आपल्या पसंतीचा दीड तास निवडायचा. त्या दीड तासात, दुकानापासून दहा मीटरच्या आत उभं राहून, निदान चाळीस जणांनी फोनवरच्या नकाशात 'मी इथे आहे' अशी नोंद करायची, म्हणजे चेक-इन. घरची माणसं धरायची नाहीत. गल्लीचं नाव नकाशावर झळकावं, हा समितीचा हेतू. मागच्या रविवारी मोमोवाल्यानं सेहेचाळीस करून दाखवले होते. हेमलताबाईंना आधी अर्ज केल्याचा मान होता; चाळीस झाले तर गाळा त्यांचा, नाही तर मोमोवाल्याचा.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर बाईंनी आयुष्यभर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून डबे भरून दिले, नि डब्यावर नाव नेहमी नवऱ्याचं. 'अनंतराव शिंत्रे, रेल्वे.' आज पहिल्यांदा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'हेमलता खाऊघर' असं आलं होतं. ती पाटी उतरवायची झाली तर ठेवायची कुठे, हा विचार त्या सकाळपासून करत होत्या. कॉटखाली मावत नव्हती. माप घेऊन झालं होतं.

प्रचाराची सूत्रं भाची ऋजुताकडे होती. ही आयटीत, बोलते कमी, टाइप जास्त. दोन आठवडे तिनं मावशीला कॅमेऱ्यासमोर उभं करून थालीपीठ थापायला लावलं. "मावशी, हसत थाप." "अगं, पीठ हसत थापलं तर जाड होतं." तरी ते व्हिडिओ चालले. एका भागात फक्त थालीपिठाला भोकं पाडणारं बाईंचं बोट दिसत होतं. ते नऊ हजार लोकांनी पाहिलं. समितीचा ऑनलाइन अर्जही ऋजुतानंच भरला. वेळ कुठली लिहू, असं विचारल्यावर बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या होत्या, "साडेचार ते सहा. रविवारची झोप झालेली असते, चहाबरोबर काहीतरी हवं असतं." इस्लामपूरच्या मुलीचा हा हिशेब जगात कुठेही बरोबर यावा. शिवाय चेक-इन करणाऱ्याला एक कोथिंबीर वडी फुकट होती.

"चार त्रेपन्न," अनंतराव म्हणाले. ते रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्त झाले तरी घड्याळ निवृत्त झालेलं नव्हतं. "चेक-इन शून्य."

"अहो, गप्प बसाल का जरा? गाडी नाही सोडायची."

"ऋजुता, एक तरी दिसतोय ना गं?" हेमलताबाई भाचीकडे वळल्या.

"एक आहे, पण तो विजयकुमारचा. दुपारी एक चाळीसचा. वेळेबाहेरचा, धरणार नाहीत."

विजयकुमार म्हणजे पाटीचा दिवा लावून गेलेला इलेक्ट्रिशियन. दिवा आत्ता लुकलुकत होता म्हणून त्याला पुन्हा बोलावलं होतं आणि तो शिडीवर होता. आपलं नाव ऐकून त्यानं वरूनच मान खाली घातली.

पाच वाजून दहा मिनिटांनी एक झाला. कुरिअरवाला होता, पत्ता शोधता शोधता त्याचं बोट पडलं. त्यानं वडी खाल्ली, छान म्हणाला आणि गेला. तव्यावरची थालीपिठं उतरून परातीत साचू लागली. वड्यांचा डोंगर तसाच.

आणि खरी बोच पुढे होती. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या सावलीत, लोक जमत होते. आधी पाच-सहा, मग पंधरा, मग मोजता येईनात. सगळे ओळखीचे. दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब, फुलवाली, शिकवणीचे सर, दर शुक्रवारी वड्या नेणाऱ्या तिघी मैत्रिणी. हातात फोन. इकडे बघायचे, आपसात बोलायचे, फोनमध्ये बघायचे. रस्ता मात्र एकही जण ओलांडत नव्हता.

"व्हिडिओ काढतायत माझा," हेमलताबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "फजितीचा."

"नाही गं मावशी."

"मग काय करतायत? बस तर मघाच दोन गेल्या."

ऋजुतानं फोन उचलला. तिनं एक पोस्ट टाकली. मग वडीचा जवळून फोटो टाकला. मग 'शेवटचा अर्धा तास' असं लिहून तीन आगीची चित्रं टाकली. पलीकडच्या गर्दीतले सगळे फोन एकदम वाजले. सगळ्यांनी ती पोस्ट वाचली, कौतुकानं माना डोलावल्या आणि तिथेच उभे राहिले.

"पाच छत्तीस. एक," अनंतराव म्हणाले. या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही. हेमलताबाईंनी गॅस बारीक केला आणि त्या पाटीकडे बघत राहिल्या. कॉटखाली नाही, पण कपाटामागे आडवी राहील कदाचित.

तेवढ्यात गर्दीतून एक जण निघालीच. कनकाअक्का. ही आमची तंजावरची मराठी. घराण्याला तिकडे जाऊन तीनशे वर्षं झाली, त्यामुळे ती बोलू लागली की जुनी बखर चहाला आल्यासारखं वाटतं. लगबगीनं रस्ता ओलांडून ती दुकानाच्या पायरीशी आली, पण पायरीवर पाय ठेवला नाही.

"हेमलताबाई, घाबरों नका, अम्मा. सहा वाजतांच आम्ही समस्त येतों. तोंवर वड्या झांकोन ठेवा."

"सहा वाजता? अहो, सहाला संपतंय सगळं! आत्ता का येत नाही तुम्ही?"

"अय्यो! राहुकाल आहे ना!"

"कसला काल?"

कनकाअक्का बघतच राहिली. "रविवारीं साडेचार ते सहा राहुकाल. शेंबड्या पोरास ठाऊक असतें. नवें दुकान, त्यांत राहुकालांत पहिलें पाऊल कोण घालेल? तुमचें वाटोळें करायचें काय आम्हीं? ते सर मघा निघाले होते, फुलवालीनें शर्टास धरोन मागें ओढिलें."

म्हणजे ती सगळी मंडळी इतका वेळ पलीकडे उभी होती ती बाईंवरच्या मायेनं! बाईंच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर सव्वीस वर्षं टांगलेलं आहे. प्रत्येक पानावर राहुकाल छापलेला असतो. बाई तमिळ बोलतात फर्डं, पण वाचता येत नाही. त्या पानाच्या पाठीवर वाण्याची यादी लिहितात.

"पाच त्रेचाळीस," अनंतराव म्हणाले.

"पण जें आधींच सुरू जाहलें, त्यास राहुकाल बाधत नाहीं," कनकाअक्का हळहळली. "दुपारींच कोणी एक घास विकत घेतला असता तर..."

हेमलताबाईंचा झारा हवेतच थांबला.

"विजयकुमार! खाली उतर!"

तो शिडीवरून जवळजवळ पडलाच. दुपारी दिवा लावून झाल्यावर बाईंनी त्याला थालीपीठ दिलं होतं. पैसे नकोत म्हणाल्या, मग लगेच, "थांब. पहिलं गिऱ्हाईक आहेस. एक रुपया दे." तो रुपया त्यांनी कपाळाला लावून डब्यात टाकला होता. बोहनी! इस्लामपुरात वडिलांच्या दुकानात रोज बघितलेली रीत. हातानं केली, डोक्याला पत्ता नाही. आणि विजयकुमारनं थालीपिठाचा फोटो काढून तिथेच चेक-इन केलं होतं.

बाईंनी डब्यातला रुपया काढला, पिठाच्या हातानं विजयकुमारचं मनगट धरलं आणि त्याला ओढत त्या रस्त्याच्या मधोमध गेल्या. दुचाकी थांबल्या. त्यांनी रुपया उंच धरला.

"बोणी आयिडुच्चु!" त्या ओरडल्या. "दुपारीच! एक चाळीसला! ह्याला विचारा!"

बोणी आयिडुच्चु म्हणजे बोहनी झाली, हे त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. गर्दी विजयकुमारभोवती गोळा झाली. फोन हातोहात फिरला. फोटो होता, दुकानाचं नाव होतं, वेळ होती. फुलवाली तरीही अडून बसली: रविवारी दुपारी यमगंडमही असतं, तीही अशुभच वेळ, त्याचं काय करायचं? सगळे कनकाअक्काकडे वळले. ती बोटं मोजू लागली. रस्ता तुंबला होता, बसवाला हॉर्न बडवत होता आणि अनंतराव "पाच एक्कावन्न!" असं ओरडत होते.

"यमगंडम दीडास सरतें," कनकाअक्कानं निकाल दिला. "दहा मिनिटें उलटोन गेलीं होतीं. शुद्ध आहे!"

मग जे काय सुटलं! पाच चोपन्नला अकरा. पाच छप्पन्नला चोवीस. मग एकदम सगळ्यांनी दाबल्यामुळे नेटवर्क बसलं. फोनच्या पडद्यावर चाकं गरागरा फिरताहेत, आकडा हलत नाही. शिकवणीचे सर फोन डोक्यावर धरून उभे. अठ्ठ्याण्णव सेकंद गेले, हे अनंतरावांनी मोजलेले आहेत. मग धबधब्यासारखे आले. पस्तीस, अडतीस, एकोणचाळीस.

आणि तिथे थांबले.

"कनकाअक्का, तुमचं?" ऋजुतानं विचारलं.

"फोन घरीं चार्जरास!"

"विजयकुमार?"

"अक्का, एका दिवसात दुसऱ्यांदा घेत नाही," तो रडकुंडीला आला होता.

पाच एकोणसाठ. वेळ संपल्याचं जाहीर करायला सोसायटीचे सेक्रेटरी फाटकात येऊन उभे होते. निवृत्त बँकवाले, कडक इस्त्रीतले. कनकाअक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तमिळमध्ये म्हणाली, "फोन काढा."

"मी परीक्षक आहे, अम्मा."

"नियमांत घरची माणसें चालत नाहींत. परीक्षकाचें कुठें लिहिलें आहे?" घाईत तिची बखर पुन्हा मराठीत आली. "शुक्रवारीं तुमच्या घरीं कोणाच्या वड्या येतात तें सांगूं काय?"

सेक्रेटरींना मराठी येत नाही, पण 'वड्या' कळलं. त्यांनी खिसा चाचपला. चष्मा काढला, दुसरा लावला. पासवर्ड चुकला. अनंतराव घड्याळावर डोळा ठेवून ओठांनी नुसते मोजत होते. हेमलताबाईंनी डोळे मिटले होते. रुपया अजून मुठीत होता.

"चाळीस!" ऋजुता किंचाळली, आणि आयुष्यात प्रथमच तिनं काही टाइप केलं नाही.

सेक्रेटरींनी फोन खिशात ठेवला, इस्त्री सावरली आणि अगदी गंभीरपणे हात पुढे केला. "माझी वडी," ते म्हणाले.

सहा वाजून एक मिनिटानं आणखी वीसेक माणसं आली. त्यांना कनकाअक्काचा निकाल पटलेला नव्हता, म्हणून ती शिस्तीत थांबली होती. त्यांचे चेक-इन मोजले गेले नाहीत. वड्या मात्र बाईंनी सगळ्यांना दिल्या.

पाटी अजून तिथेच आहे, आणि दिवा अजून लुकलुकतो. कॅलेंडर मात्र घरातून दुकानात आलं आहे. रोज सकाळी कनकाअक्का ते मोठ्यानं वाचून दाखवते, आणि मगच हेमलताबाई त्या पानाच्या पाठीवर कोथिंबीर किती जुड्या ते लिहितात.