धुळीवरचा थेंब

दस्तगीरचाचांची आणि माझी पहिली भेट एका जळक्या मोटारीमुळे झाली. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात नळपाणी योजनेवर वायरमन होतो. पंपाची जळालेली मोटार एसटीच्या टपावर टाकून मी कोल्हापुरात चाचांच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याच्या दुकानात आलो. चाचांनी ती उघडलीही नाही. वाकून वास घेतला आणि तीनपैकी एक फेज गेल्यावर किती वेळ चालवली, एवढेच विचारले. गावात पाणी नव्हते, लोक ओरडत होते, असे मी म्हणालो. चाचा हसले. मोटार होईपर्यंत त्यांनी मला बसवून घेतले, जेवू घातले आणि कोणता वास कशाचा ते दाखवले. महिन्याभरात मी नोकरी सोडून त्यांच्याकडे कामाला लागलो.

चाचांच्या दुकानात एक नियम होता. लाकडी फळीवर शंभर वॅटचा एक बल्ब बसवलेला असे, त्याला आम्ही सिरीज बोर्ड म्हणतो. दुरुस्तीला आलेल्या यंत्राला पहिली वीज त्या बल्बमधूनच द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. "आजाऱ्याला आधी पेज द्यायची, म्हादू. भाकरी मागनं," असे चाचा म्हणत. स्वतःचे दुकान काढल्यावर मीही तसाच बोर्ड केला आणि एकदाच तो वापरला नाही. त्याचीच ही हकिगत आहे. तिच्यात माझी शोभा नाही, पण चाचा त्यात पुरते दिसतात, म्हणून चाचांच्या गौरवासाठी निघणाऱ्या या अंकासाठी तीच निवडली.

गुळाचे व्यापारी आण्णा मगदूम यांच्या गोदामात एक पिनबॉल मशीन होते. त्यांच्या वडिलांनी हौसेने मुंबईहून आणलेले. काचेखाली उतरती फळी, तिच्यावरून धावणारी लोखंडी गोळी, गोळी आदळली की लागणारे दिवे आणि घंट्या. आण्णांचे धाकटे भाऊ बाहुबली, घरचे बाबू, ते जोतिबाच्या यात्रेत लावत. वीस वर्षांपूर्वी अशाच एका यात्रेत ते बंद पडले. मी वेळेत बंद केले, आत काही जळालेले नाही, असे बाहुबली सांगत राहिले. आण्णांनी ऐकले नाही. वडिलांची आठवण जाळली म्हणून त्यांनी भावाशी बोलणे टाकले आणि बाहुबली गडहिंग्लजला जाऊन राहिले.

गेल्या वर्षी आण्णांनी मला बोलावले. मशीन पाहून मी हरखलो. शेकडो वायरी, पितळी पत्त्या, चकत्या, आणि सगळे नुसत्या विजेवर चालणारे. फ्यूजची जागा रिकामी दिसली. मला धीर धरवला नाही. तिथे तांब्याची एक तार अडकवली आणि बोर्ड न लावता सरळ वीज दिली. दिवे लागले. आनंदाने मी आण्णांना हाक मारणार तोच धूर निघाला.

आण्णा आले तेव्हा मी म्हणालो, आत जुनेच जळालेले दिसते. आण्णांनी मान हलवली. "मला ठाऊक हुतं. बाबूचंच काम," म्हणाले. मी हत्यारे पिशवीत भरली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो आणि त्यांनाही तेच सांगितले.

चाचा तेव्हा काम थांबवून बसले होते, नजर कमी झाली होती. तरी बोर्ड काखेत घेऊन आले. बोर्डावरून वीज दिली, बल्ब लख्ख पेटला. मग एकेक वायर सोडवत ते शॉर्ट शोधू लागले, आणि मी आपला गुन्हा विसरून बॅटरी धरून बघत राहिलो, इतके ते बघण्यासारखे होते. वायर सोडवायची, बल्ब बघायचा, पुढची सोडवायची. अखेर एका वायरीला बल्ब मंदावला. ती एका कॉइलची, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याची होती. गोळी आदळली की खालची पत्ती मिटते, कॉइल गोळीला ठोसा देते आणि पत्ती सुटते. इथे पत्ती सुटतच नव्हती. तिच्यात यात्रेतला गुलाल ओल धरून घट्ट बसला होता. बाहुबलींच्या वेळचा बिघाड तो एवढाच.

चाचांनी कॉइलखालच्या फळीवर बोट टेकवले. कॉइलवरून जळून ओघळलेल्या वार्निशचा थेंब तिथे पडला होता.

"आण्णा, हितं वीस वर्साचा धुरळा हाय. थेंब त्याच्या खाली न्हाय, वर हाय. म्हंजे जळलंय आत्ता."

मग ट्रान्सफॉर्मरच्या पायाला दोऱ्याने बांधलेली कागदाची पुडी त्यांनी सोडली. आत काचेचा फ्यूज होता, त्यातली तार अखंड, म्हणजे तेव्हा काही जळलेच नव्हते. कुणीतरी तो वेळेत काढून जपून ठेवला होता.

"मशीन दोन गोष्टी सांगतंय," चाचा म्हणाले. "एक मी सांगितली. दुसरी म्हादू सांगंल."

माझ्याकडे न बघता ते चष्मा पुसत राहिले. मी सगळे सांगितले. आण्णांनी तो फ्यूज उचलून उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "वायरमन हायस का फटाकेवाला?" आणि फ्यूज खिशात ठेवत, "फोन लाव बाबूला."

फोनवर ते एवढेच बोलले, "बाबू, फ्यूज घावला. तू म्हणालतास तसंच हाय."

कॉइल आम्ही दोघांनी मिळून नव्याने भरली, वेढे मोजत, चाचा बोटांनी आणि मी डोळ्यांनी. पत्तीतला गुलाल चाचांनी ब्रशने कागदावर उतरवला, पुडी बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, देवाचा आहे, झाडलोटीत नको. ती पुडी आज माझ्या देवघरात आहे. त्या दिवसाबद्दल चाचा मला आजवर एक शब्दही बोललेले नाहीत.

बाहुबली पहिल्या एसटीने आले. आण्णा मशीनसमोरून बाजूला झाले. बोर्डावरचा बल्ब मंद राहिला तेव्हा चाचांनी सरळ वीज द्यायला सांगितले. बाहुबलींनी दांडा ओढून सोडला आणि गोदाम घंट्यांनी भरून गेले. साठी ओलांडलेले दोन भाऊ एकमेकांना ढकलत, माझी पाळी माझी पाळी करत होते. चाचा डोळे मिटून ऐकत होते. "तिसरी घंटी जरा बसकी हाय," म्हणाले.

ती घंटी अजून तशीच आहे. मी दोनदा विचारले, पण चाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असे दोघा भावांनी एकमताने ठरवले आहे. जोतिबाला माझे एवढेच मागणे आहे, की चाचांची बोटे आणि कान असेच शाबूत राहोत, त्यांना शंभरीपार निरोगी आयुष्य मिळो. आणि चाचा, घंटीची घाई करू नका. ती बसकी आहे तोवर आम्हाला तुम्हाला बोलवायला निमित्त आहे.