जेलच्या यादीतले मानकरी

माझा धाकटा भाऊ जेलमध्ये गेला तेव्हा आमच्या गोतावळ्याला पहिला प्रश्न पडला तो हा, की भेटायला कोण कोण जाणार. वकील, जामीन वगैरे मागाहून. आमच्याकडे कुणी दवाखान्यात पडलं की केळी आणि बिस्किटपुडे घेऊन जीपभर माणसं निघतात. जो जात नाही तो जन्मभर लक्षात राहतो. जेलही आमच्या लोकांनी त्याच खात्यात टाकलं.

भावाने केलं होतं ते असं. शहाद्याजवळच्या आमच्या शेतात पपईची गाडी भरली जात होती. व्यापाऱ्याचा माणूस एकसारखा फळं खराब म्हणून बाजूला काढत होता आणि वर काहीबाही बोलत होता. भावाने क्रेट उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. टाके पडले, केस झाली. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला सकाळीच बजावलं होतं की तोंड उघडू नको. त्याने तोंड उघडलं नाही हे खरंच. पण आबांनी त्याचं नाव टाकलं. मी भेटायला चला म्हटलं तर म्हणाले, "मी कसाले जासू? त्यानं मन्हं आयकं का?"

आत गेल्यावर कैद्याला भेटायला येणाऱ्यांची नावं द्यावी लागतात, आणि तीही मोजकीच. आमच्या शहाण्याने ती लग्नपत्रिकेसारखी लिहिली. आधी मोठे काका, मग मधले काका, मग आत्याचे यजमान म्हणजे फुवा, मग मामा. जावई राहिला तर पंचाईत, म्हणून माझा नवरा. शेवटी आई आणि मी. आता नाव आलं म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल? एकेक मानकरी कडक इस्त्री करून मुलाखतीला जाऊन आला. केळी आत घेतली नाहीत म्हणून बाहेर लिंबाखाली बसून स्वतःच खाल्ली, आणि गावात येऊन पोरगा बरा आहे असं सांगितलं.

आणि एके दिवशी आबांनी टोपी घातली. मला म्हणाले, "चाल, जेलमा जाऊत." मी शाळेत रजा टाकली, कारण आबांचा विचार दुपारपर्यंत टिकेल याचा मला भरवसा नव्हता.

खिडकीवर आमचा अर्ज परत आला. यादीत नाव नाही. आबांनी आधार कार्ड दिलं, रेशन कार्ड दिलं, शेताचा सातबाराही पिशवीत होता तो दिला. मग आवाज चढवला, "साहेब, त्यानं नाक दखा, मन्हं नाक दखा! मी काय पाव्हना शे का?" शिपाई भला माणूस होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही बाप आहात हे दिसतंच आहे. पण त्याने तुमचं नाव दिलेलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

परतीच्या बसमध्ये आबा सातबाऱ्याची घडी उलगडत आणि पुन्हा घालत बसले. मला भावाचा असा संताप आला की तो समोर असता तर मीच क्रेट शोधला असता.

अधीक्षकांकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो असं वकिलांनी सांगितलं. मात्र यादी भरलेली होती, तेव्हा एक नाव काढून द्यावं लागणार होतं, आणि आतून भावानेही हो म्हणायला हवं होतं. झालं, ओसरीवर चहा ठेवून बैठक बसली. मोठे काका म्हणाले, "मन्हं नाव काढशात, तं मी या घरनं पानी पेवाव नही." फुवांनी चहाचा कप खाली ठेवला. मामांनी तर माझ्या आईच्या माहेराचा अपमान आत्ताच झाल्यासारखं तोंड केलं. जेलची वारी चुकते म्हणून रुसणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. माझं नाव काढा म्हटलं, तर आई एकटी कशी जाईल म्हणून सगळे माझ्यावरच ओरडले.

राहिला जावई. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पण जावई माझ्याच घरात राहत होता. मी अर्जात सरळ नवऱ्याचं नाव कमी करायला लिहिलं आणि देऊन आले. कळल्यावर म्हणाला, "माले इचारं तरी का?" मग तो रुसला, आणि खापरावरचे मांडे पोटात गेल्यावर त्याचा रुसवा उतरला.

अर्ज मंजूर झाला. आबा आणि मी गेलो. मधे काच, दोन्ही बाजूंना फोन. आबांनी फोन धरला आणि गच्चीवरून हाक मारावी तसे ओरडले, "वाळी गया रे तू!" भाऊ खरंच वाळला होता, पण हसला. मी म्हटलं, चला, जमलं यांचं. पण आबांनी लगेच विचारलं, "मन्हं नाव का बरं नही दिधं?"

भाऊ खाली बघत काहीतरी बोलला. आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवली. मी कानाला लावून त्याला पुन्हा सांगायला लावलं.

"तुम्ही येवाव नहीत हाई माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "नाव देतू, तं दर येळले वाट दखत बसतू."

मला रडू आलं. इतके दिवस यादीत नसलेल्या माणसाचीच तो वाट बघत होता, आणि मी त्याला शिव्या घालत होते.

आबांनी उपरण्याने तोंड पुसलं, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि यावेळी हळू आवाजात म्हणाले, "आते दख वाट. मी येसू."