गीझरला मारलेलं बूच

मला हे कधीपासून कोणालातरी सांगायचंय! कात्रजला मी ज्या काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायचे ना, त्यांच्या गीझरची गोष्ट. म्हणजे खरं तर काकूंचीच.

काकू एकट्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. त्याचं एकच पालुपद, "आई, तू इकडे ये." नळ गळला, पंखा बंद पडला, की लगेच, "बघ, म्हणून म्हणतो." त्यामुळे काकूंच्या घरात काही बिघडायचंच नाही. म्हणजे बिघडायचं, पण फोनवर नाही.

त्या हिवाळ्यात सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला. आमचा सगळ्यात वरचा मजला, शॉवरला नुसती करंगळीएवढी धार यायची, ती एकदम जोरात यायला लागली. मी जाम खूश! पण गीझरच्या खाली एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत प्रेशर वाढलं की जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा. तो ठिबकायला लागला. काकूंनी बादली लावली. ते पाणी कुंड्यांना, लादीला. तरी बादली भरतेच आहे! आणि काकू कशा, तर पेपरात आधी खडकवासला धरणात किती पाणी उरलंय ते बघणार, मग चहा.

एका सकाळी ठिबकणं बंद. मला वाटलं, झालं दुरुस्त. गीझर लावला, तर आतून कट्कट् आवाज. स्टुलावर चढून बघते तर व्हॉल्व्हच्या तोंडात पेनाचं टोपण कोंबलेलं, वर चिंधी, त्यावर रबरबँड!

"काकू, हे काय आहे?"

"बूच."

"अहो, पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा नको? टाकी फुटेल! तो व्हॉल्व्ह गळण्यासाठीच असतो!"

"गळण्यासाठी? बरी नोकरी आहे."

मी आधी स्विच बंद केला, गरम पाण्याचा नळ सोडला, गार पाणी येईपर्यंत थांबले आणि मगच बूच काढलं. बाहेर आले तर काकू पलंगावर बसलेल्या.

"त्याला सांगू नकोस हं. पंख्यावरूनच केवढं ऐकवलंय. हे कळलं तर सामान बांधायला माणसंच पाठवेल." मग हळूच म्हणाल्या, "तिकडे आंघोळीचं पाणीसुद्धा सून काढून देते गं. इथे माझं मी काढते."

मला इतकं कसंतरी झालं! म्हटलं, नाही सांगणार.

प्लंबरने गीझरकडे जाणाऱ्या पाइपवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी किचनमध्ये, कान बाहेर.

"काय विशेष, आई?"

"गीझरला बूच मारलं होतं मी. फुटला असता. आता नीट करून घेतलाय."

माझ्या हातातला कांदा तसाच!

"तुला कोणी सांगितलं बूच मारायला?"

"पाणी वाया जात होतं."

"आई, तू म्हणजे अगदी बाबा आहेस."

"छे. त्यांनी दोन मारली असती."

तो जो हसला! मग म्हणाला, "काय बसवलंय, दाखव बघू." काकू बाथरूममध्ये जाऊन फोन वर धरून उभ्या.

"दिसतंय का? पंपामुळे शॉवरही आता जोरात येतो हं."

"दिसतंय. हात खाली घे, दुखेल." मी मनात म्हटलं, आता येणार ते "तू इकडे ये".

"सुट्टी मिळाली की मीच येतो तिकडे," तो म्हणाला. "शॉवर बघतो एकदा."