नऊ नंबरवर सुनील

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. माझं कामच असं — मशीन चुकलं तर त्याला कारण असतंच, सापडेपर्यंत शोधायचं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली...

शेलूबाजारजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. बारा मशीन, एक सर्व्हर. प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं सर्व्हरवर आणि त्याचं घर — म्हणजे होम फोल्डर — तेही तिथंच. कुठल्याही मशीनवर बसा, नाव-पासवर्ड टाका, आपलं घर समोर हजर.

आसेगावची उज्ज्वला आणि तिचा जुळा भाऊ सुनील, दोघांचा प्रोजेक्ट जोडीनं चालला होता. सुनीलला नऊ नंबरच लागायचा. दुसरं कुणी बसलं की उठवायचा! दिवाळीनंतर तो जीपच्या अपघातात गेला. नियमाप्रमाणे मी त्याचं खातं काढून टाकलं.

मग एकदा तिचे वडील लॅबच्या दारात आले. "जय भीम, मॅडम. भाऊ संगं होता म्हनून पोरीले धाडत होतो. यंदा पास झाली तं पुढं शिकवतो, नाई तं घरीच बसवतो." उज्ज्वला बाजूला उभी राहून ऐकत होती.

आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीच घात झाला. सर्व्हरच्या घड्याळाचा सेल मेलेला. लोडशेडिंग संपून लाईन आली की तारीख थेट १ जानेवारी १९७०, कारण हे मशीन काळ तिथूनच मोजतं. मी आधी हातानं तारीख टाकायची, मगच बाकीची मशीनं चालू. सेल मागून मागून जीभ झिजली माझी, ऑफिसला ऐकू येईल तर शप्पथ! त्या दुपारी लाईन आली आणि मी तारीख टाकण्याआधीच पोरांनी धडाधड बटणं दाबली. उज्ज्वलानं काम सेव्ह केलं, ते १९७० चं ठरलं. नवी तारीख असेल ती प्रत खरी, हा सर्व्हरचा नियम. त्यानं जूनमध्ये खातं उघडताना ठेवलेली कोरी प्रत नवी मानली आणि तिच्या घरावर चढवली. सगळं साफ.

"मॅडम, माहं काईच दिसून नाई राह्यलं..."

"कायले रडून राह्यली? पाहू दे मले." पण त्याच नियमानं बॅकअपही कोरा झालेला. मी हरले. संध्याकाळी कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळच.

सकाळी आले. सर्व्हरवर आधी कोण-कोण बसलंय त्याची यादी पाहायची, ही सवय. एकच ओळ होती — सुनील, मशीन नऊ.

नऊ नंबर बंद होतं. पिनसुद्धा काढलेली.

उज्ज्वलाचं घर उघडलं तर आत अख्खा प्रोजेक्ट. तारीख १ जानेवारी १९७०. फाईलींचा मालक — सुनील. अहो, खातं काढलं की मालकाच्या जागी नुसता आकडा उरतो, नाव येतच नाही!

उज्ज्वला कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. "मॅडम... शेवटचा भाग तं आमचा राह्यलाच होता," ती म्हणाली. तोही पूर्ण होता.

परीक्षक यायला थोडाच वेळ होता. आणि मालक बदलल्याशिवाय ते तिच्या खात्यातून उघडणार नव्हतं.

"त्याचं नाव काढाच लागन काय?"

"लागन, बाई."

ती नऊ नंबरकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "करा. त्याले बी हेच पायजे असन."

मी कमांड दिली. यादी पुन्हा पाहिली — ती ओळ नव्हती.

उज्ज्वला पास झाली, वडिलांनी शब्द पाळला, ती पुढं शिकली. जाणकारांना मी विचारलं. खातं नीट निघालं नसेल, म्हणतात. नसेल बाबा! पण राहिलेला भाग कुणी लिहिला, ते कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

भीती नाही वाटत मला. फक्त डाचतं एवढंच, की बहिणीचं काम त्यानं पुरं केलं, आणि त्याचं नाव मी काढलं. दोनदा.