साळिंदराचा बाबा

कार्टूनच्या स्टुडिओत त्यांना सगळे तोंडबाई म्हणत. याला दोन कारणं होती. एक म्हणजे त्या प्राण्यांची तोंडं काढायच्या. फक्त तोंडं. ससा दुसराच कुणी काढायचा, त्याचे पाय तिसरा हलवायचा, आणि गाण्याबरोबर उघडमीट करणारं तोंड तेवढं वेगळ्या पारदर्शक तावावर बाईंकडे यायचं. दुसरं कारण त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं.

टेबलावर आरसा ठेवून बाई गाण्याची एकेक ओळ स्वतः म्हणायच्या आणि ओठ कसे होतात ते बघून चित्र काढायच्या. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटायचं, बाई आरशाशी भांडतायत. पुष्कळदा त्या भांडतही असायच्या.

एकोणीस वर्षं हे चाललं. मग स्टुडिओ बंद पडला आणि बाई बाहुल्यांच्या कारखान्यात लागल्या. तिथेही ओठच रंगवायचे, पण मिटलेले. दिवसाला चारशे मिटलेली तोंडं!

"जीव गुदमरतो माझा," त्या घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या.

"त्यातलं एखादं घरी आण की," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणायचा.

आयुष्यात एका कामाचा बाईंना खरा अभिमान होता. साळिंदराच्या पिल्लाची अर्ध्या तासाची गाण्यांची फिल्म. बाप हरवलेलं पिल्लू त्याला हाका मारत तीन डोंगर ओलांडतं आणि शेवटी बाप सापडतो, एवढीच गोष्ट. एकतीस वर्षांपूर्वी टीव्हीवर ती एकदाच लागली, आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर अंतिम सामना होता. फिल्म पाहिलेली माणसं बाईंनी शोधून काढली होती. अकरा. त्यातली नऊ स्टुडिओतलीच.

म्हणून गुरुवारी दुपारी नात ओरडली, "आजी, तुझं साळिंदर!" तेव्हा बाई पोळपाट टाकून पिठाच्या हातांनी धावल्या. फिल्म रविवारी पुन्हा दाखवणार होते, त्याची जाहिरात चालली होती. पडद्यावर पिल्लू दगडावर चढलं, त्याने तोंड उघडलं आणि ते गोड आवाजात गायला लागलं, "मामा, मामा, वाट कुठली?"

"मामा?" बाई म्हणाल्या. "कुणाचा मामा?"

"त्याचा," नात म्हणाली. "हरवलाय."

"मामा नाही गं हरवला! बाबा हरवलाय! बाबा!"

"कोण हरवलंय?" आजोबा खुर्चीत दचकून जागे झाले. "मी इथेच आहे."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाई वाहिनीच्या ऑफिसात हजर. कार्यक्रमांचा साहेब निघाला तिशीतला, दाढी कोरलेला, काचेच्या खोलीत बसलेला. त्याने शांतपणे समजावलं. चित्रं शाबूत होती, पण आवाजाची टेप ओल लागून गेली. गाण्यांचे शब्द कुठेच लिहिलेले सापडले नाहीत. म्हणून एका गीतकाराला पिल्लाच्या तोंडाकडे बघत बसवलं आणि ओठ जुळतील असे शब्द लिहून घेतले.

"जुळतायत की नाही?" साहेब म्हणाला. "नाव ठेवायला जागाच नाही, काकू."

"जुळतायत? माझ्या बाबाचा मामा केलात तुम्ही!"

"मामाही जवळचाच असतो हो. उलट लाडका असतो."

"अरे, आईचा भाऊ दिसेना म्हणून पोर तीन डोंगर रडत हिंडेल का? आणि आई काय करते तोवर? भाऊ तिचा ना?"

साहेबाने याचा विचार केला नव्हता. त्याने करूनही बघितला नाही. तो हसला आणि म्हणाला, "काकू, लहान मुलांचा कार्यक्रम आहे. मुलांना काय कळतंय?"

एवढं ऐकल्यावर बाईंचं डोकं जे फिरलं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मुलांना कळत नाही म्हणून आम्ही एकेका हाकेला अकरा चित्रं काढत होतो का? मुलांना कळत नाही तर आरशासमोर बसून माझा जबडा कशासाठी दुखत होता? दारात चारपाच जण गोळा झाले.

"पण ब काय आणि म काय," साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "ओठ तर सारखेच मिटतात."

"सारखे?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. हे जास्त वाईट होतं. "लाव ती फिल्म. एकेक चित्र थांबवून दाखव."

फिल्म लागली. बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "म म्हणताना हवा नाकातून जाते, ओठ नुसते टेकलेले. ब म्हणायच्या आधी हवा तोंडात कोंडते. हा गाल बघ. फुगलाय ना? राईएवढा, पण फुगलाय. मी फुगवलाय तो."

साहेबाने डोळे बारीक केले. मग त्याने काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे पाहून हळूच म्हटलं, "मामा." मग, "बाबा." दारातल्या लोकांनीही आपापल्या मोबाईलच्या काळ्या पडद्यात बघून सुरू केलं. सगळा मजला मामा, बाबा, मामा, बाबा करायला लागला. हिशेब ठेवणाऱ्या बाई तर "मामा, बाबा" करत आपल्या गालाला हात लावून खात्री करत होत्या.

"पटलं," साहेब अखेर म्हणाला. "पण गायिका परगावी गेलीय. रविवारच्या आत जमायचं नाही. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ एकतीस वर्षांनी येते, मला ठाऊक आहे. एक शब्दच बदलायचाय ना? माईक कुठाय?"

शब्द एकच, पण फिल्मभर तेवीस वेळा होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बाईंच्या कानांवर हेडफोन चढवले. काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने बोट वर केलं. पडद्यावर पिल्लाने तोंड उघडलं.

"बाबा!"

ध्वनिमुद्रकाने स्वतःचे हेडफोन काढून कान चोळले.

"काकू, थोडं गोड," साहेब माईकवरून अजिजीने म्हणाला. "बाकीचं गाणं कसं गोड आहे. लहान पिल्लू आहे ते."

"बाप न सांगता निघून गेलाय त्याचा! काटे तुडवत तीन डोंगर चढलंय ते. तू असतास तर गोड हाक मारली असतीस?"

साहेबाने ती हाक मनातल्या मनात मारून बघायला ओठ मिटले. त्याचे गालही किंचित फुगल्यासारखे वाटले. ध्वनिमुद्रकाने त्याची परवानगी न विचारताच पुढच्या हाकेसाठी बोट वर केलं.

"बाबा!" बाई कडाडल्या, आणि पिल्लाच्या ओठांवर ती हाक तंतोतंत बसली.

अजून एकवीस हाका बाकी होत्या, आणि बाईंकडे राग त्याहून बराच जास्त शिल्लक होता.