अप्पांची टाच

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, घरचंच कलापथक. कार्यक्रमाच्या आधी मंचरच्या बाजारात पत्रकं वाटायची आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं दारूबंदीची असत. 'कमळ'च्या आधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता आलं. त्यामुळे आजही मी कुणाला साधा मेसेज पाठवला तरी त्यात शेवटी दोन मागण्या निघतात, असं आई म्हणते. ते खरंच आहे.

पथकात सगळे घरचेच. अप्पा पुढे डफ घेऊन, काका ढोलकीवर, आईकडे टाळ, माझ्याकडे तुणतुणं, आणि अप्पांच्या डाव्या खांद्यामागे आत्या. तिचं काम झील धरायचं. अप्पांनी ओळ टाकली की मागून ती उचलायची, चढ्या आवाजात वर न्यायची आणि पुन्हा अप्पांच्या स्वाधीन करायची. लोक अप्पांना ओळखायचे, पण अंगावर काटा यायचा तो आत्यानं ओळ वर नेली की. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण आत्या स्वतःच बोलत नव्हती.

पुण्यातल्या एका कंपनीनं आमचे पाच अल्बम काढले. प्रत्येकावर फेटा बांधलेल्या अप्पांचा फोटो आणि खाली 'आणि पार्टी'. आत्या तीस वर्षं त्या 'पार्टी'त होती. पाचव्या अल्बमला कंपनीनं आम्हाला न विचारता आमच्या दारूबंदीच्या गाण्याला की-बोर्ड, ठोके आणि मध्ये मध्ये बाटली फुटल्याचा आवाज घातला. गाणं तुफान चाललं. पेठ गावातल्या एका वरातीत मी डोळ्यांनी पाहिलं, 'सोड रं सोड ती बाटली' या ओळीवर चार जण डोक्यावर बाटल्या घेऊन नाचत होते. एकानं मला ओळखलं आणि हात जोडले. "ताई, काय गाणं हाय राव तुमचं! लई प्रेरणा मिळती."

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. करार संपतच आला होता. अप्पांनी तो पुढे केला नाही.

नवी कंपनी जुन्नरची. कंपनी म्हणजे एक गृहस्थ, दोन माइक आणि एक लॅपटॉप. त्यांचे आजोबा अख्ख्या तालुक्याच्या हार्मोनियम दुरुस्त करायचे, म्हणून आम्ही त्यांना पेटीवाले भाई म्हणतो. ते घरी आले तेव्हा मी तयारीतच होते. सात मागण्यांचं पत्रक हातानं लिहून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. पहिली मागणी : 'आणि पार्टी' हे शब्द बंद. प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे त्याचं काम. दुसरी : या अल्बमचं मुख्य गाणं आत्याचं असेल आणि ते आत्याच गाईल.

भाईंनी शांतपणे सगळं वाचलं. मग म्हणाले, "सातच हायेत? मला वाटलं पाठीमागं बी असतील." कागद उलटून पाहिला. "मंजूर. गाणं कुठलंय?"

गाणं आत्याचं स्वतःचं होतं. कांदा लावताना जुळवलेलं :

*वाकून वाकून लावला कांदा, बाई गं, वाकून वाकून,*
*उगवता सूर्य पाहिला मी माझ्या पायांतून.*

अप्पांनी ते पथकात कधी घेतलं नव्हतं. "चाल चांगली हाय, पण यात संदेश कुठाय?" असं ते म्हणायचे. पत्रकांवर वाढलेली मीसुद्धा बरीच वर्षं त्या गाण्यात संदेश शोधत बसले होते. मग एका हिवाळ्यात स्वतः कांदा लावायला सरीला लागले आणि कंबर मोडेपर्यंत वाकल्यावर तो उलटा सूर्य मला दिसला. लाल, दोन पायांच्या मधोमध. त्यानंतर मी कधी संदेश विचारला नाही.

"मला न्हाई जमायचं," आत्या आतून म्हणाली. थोड्या वेळानं दारात येऊन उभी राहिली. "पण एकदा बघू दे. न्हाई जमलं तर दादाच गाईल. मग पुन्हा कुणी मला इचारायचं न्हाई."

एवढंच पणाला लागलं होतं. तिचं 'एकदा' म्हणजे एकदाच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कांदा साठवायची आमची बराख जानेवारीत रिकामी असते. भाईंनी टाळ्या वाजवत तिच्यात फेरी मारली. भिंती बांबूच्या, बाहेरून उसाचं पाचट लावलेलं. आवाज घुमतच नव्हता. "पुण्यात ह्याला लाखाचा स्पंज लावत्यात," ते खूश होऊन म्हणाले. सकाळी दहाला शेजारच्या वस्तीवरच्या विहिरींच्या मोटारी बंद करून घेतल्या, कोंबड्या डालल्या आणि माइक उभा केला.

मग मी माझं डोकं चालवलं. आत्याला सगळ्यांच्या पुढे, माइकसमोर, एकटीला उभं केलं. आणि अप्पांना बाहेर जायला सांगितलं.

"मी बाहेर? माझ्याच बराखीतनं?"

"अप्पा, तुम्ही असलात की ती तुमच्याकडेच बघते. आज ती पुढारी आहे."

"बरं, बाई," अप्पा म्हणाले आणि बाहेर टोमॅटोच्या क्रेटवर जाऊन बसले. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

ढोलकी सुरू झाली. काकांनी तुकडा वाजवून मोकळी जागा दिली. आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा तुकडा, पुन्हा जागा. आत्या खाली जमिनीकडे बघत उभी. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "वयनी, हिला कुणीतरी चावी द्या." आई हसली, आत्या हसली नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"घसा बसलाय का?" मी विचारलं.

"घसा बराय. कवा सुरू करायचं तेच कळत न्हाई."

"काका जागा देतात ना!"

"ढोलकी कोण ऐकतंय? मी टाच बघती."

"कुणाची टाच?"

"दादाची. वळ संपायच्या आधी त्याची डावी टाच उचलती. ती खाली टेकली की मी उचलायचं. तीस वरसं मी टाचच बघितलीय. तुझ्या त्या कागदात सगळं व्हतं गं, टाच नव्हती."

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर उभी राहून ती टाच मला दिसली नव्हती.

मी बाहेर गेले. अप्पा क्रेटवर बसून पाचटातून आत बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आधीच ते उठले, चपला काढल्या आणि म्हणाले, "गायचं न्हाई ना मी?"

"नाही."

"खोकायचं?"

"तेही नाही."

भाईंनी माइक उचलून आत्याच्या जुन्या जागी, डाव्या खांद्यामागे नेला. अप्पा तिच्या पुढे पाठमोरे उभे राहिले, अनवाणी, हातात डफ नाही, तोंड मिटलेलं. काकांनी तुकडा वाजवला. अप्पांची टाच उचलली, क्षणभर हवेत थांबली आणि टेकली.

आणि आत्या उठली. म्हणजे तिचा आवाज उठला. तिच्यापुढे कुणाची ओळ नव्हती, तरी ती जणू कुणाचीतरी उचलल्यासारखी सरळ वर गेली. दुसऱ्या कडव्याला तिची नजर टाचेवरून सुटली. ती डोळे मिटून गात होती. टाच मात्र इमानदारीनं प्रत्येक ओळीला उचलत होती, टेकत होती. शेवटच्या ओळीला अप्पांचे खांदे हलायला लागले. रडताहेत की हसताहेत ते मागून कळेना. गाणं संपलं तेव्हा ते वळले आणि दोन्ही करत होते.

"संदेश मिळाला का?" आत्यानं विचारलं.

"मिळाला, बाई, मिळाला."

भाईंनी कानावरचे हेडफोन काढले. "पुन्यांदा घ्यायचं?" काकांनी विचारलं. "कशाला?" भाई म्हणाले. "पुन्यांदा असं व्हतंय व्हय?"

कव्हरवर काय छापायचं ते लिहायला मी दुपारी बसले. आत्याचं नाव सगळ्यात वर : गीत, चाल आणि गायन. मग ढोलकी, टाळ, तुणतुणं. बाकीची गाणी अप्पांची होती, तिथं त्यांचं नाव येणारच होतं. पण या गाण्याखाली त्यांच्या नावापुढे काय लिहायचं? माझीच पहिली मागणी माझ्यासमोर उभी राहिली : प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे त्याचं काम.

"लिही की," अप्पा म्हणाले. "टाच."

तसंच छापलं. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते मोबाइलवर कव्हर मोठं करून दाखवतात. "पावणं, हे वाचा. अख्ख्या महाराष्ट्रात टाचेला नाव मिळालेला मी एकटा."

अल्बम आल्यावर आठवड्यानं आम्ही अवसरीला मामांच्या रानात कांदा लावायला गेलो. बारा-चौदा बाया एका रांगेत वाकलेल्या. एकीनं बांधावर मोबाइल ठेवून गाणं लावलं. "अगं, हा तर तुझा आवाज!" कुणीतरी ओरडलं. "थांबा गं, ऐकू द्या!" आत्या लाजली आणि आणखी खाली वाकली. मोबाइलमधली आत्या पहिली ओळ गाऊन थांबली, तशी वावरातल्या आत्यानं हातातलं रोप न सोडता, मान वर न करता ती ओळ उचलली आणि वर नेली. स्वतःच्याच आवाजाची झील तिनं धरली होती. मागोमाग सगळी रांग गायला लागली.