पित्ताची गोळी

पिंपळनेरच्या बाजारात कन्हैयालालचं औषधाचं दुकान आहे. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गिऱ्हाईक रडत आलं तर हसत जावं, ही त्याची हौस. पण त्यापायी खरं बोलायचं राहून जातं, हे त्याला फार उशिरा कळलं.

नवरा गेला आणि गल्लीतल्या वच्छलाबाईंनी अंथरूण धरलं. झोप नाही, अन्नाला चव नाही, पोटात सारखी जळजळ. धुळ्याच्या डॉक्टरांनी मनाच्या उदासीवरची गोळी लिहून दिली. गोळी नवी, एकाच कंपनीचं पेटंट. तिच्या जागी दुसरी देण्याची सोय नव्हती. वच्छलाबाईंनी ती थुंकून टाकली. "मी काय येडी शे?"

सून सारिका रडकुंडीला येऊन दुकानात आली. कन्हैयालालनं कात्रीनं पट्टीवरचं नाव कापलं आणि स्वतः घरी जाऊन सांगितलं, "आक्का, पित्तनी गोयी शे. पोट बरं व्हई."

गोळी लागू पडली. म्हातारी अंगणात येऊन बसू लागली, सुनेवर खेकसूही लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सारिका माहेरी गेली, तर ही एकटीच चुलीवर खापर ठेवून पुरणाचे मांडे करायला बसली. एक मांडा फडक्यात बांधून दुकानात घेऊन आली.

"भाऊ, मनं पित्त गयं. आते गोयी बंद."

दुकानात गर्दी होती. चारचौघांत कसं सांगणार? "बरं झालं, आक्का," म्हणत त्यानं मांडा घेतला. सारिकाला फोन करू म्हणाला आणि सणाच्या गडबडीत विसरून गेला. मांडा मात्र चवीनं खाल्ला, ते आजही त्याला टोचतं.

सारिका परतली तेव्हा सासू पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. कन्हैयालाल भरदुपारी दुकान बंद करून गेला आणि खाटेशी खाली बसला.

"आक्का, मी खोटं बोलनू. ती गोयी पित्तनी नव्हती, मननी व्हती."

तिनं मान वळवली.

"मंग आखाजीले खापरवर कोन बसेल व्हतं? मीच ना?"

"तूच, आक्का."

"मनं मन बरं व्हयेल व्हतं भाऊ, अन् माले कोनी सांगं नही."